‘निकाली’ प्रकरणांचा हिशेब

सरकारी कारभारात ‘निकाली’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. अर्ज निकाली निघाला, म्हणजे टेबलावरचा एक कागद हलला, आढावा बैठकीत एक आकडा वाढला आणि वर्षअखेरच्या अहवालातील एक रकाना भरला. जमिनीच्या फेरफारापासून निवृत्तिवेतनापर्यंतच्या प्रकरणांत हा शब्द चालून जातो. कारण तेथे अर्ज निकाली निघणे आणि अर्जदाराचे काम होणे यांत फारसे अंतर नसते. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र हे अंतर फार मोठे असू शकते. तिचे प्रकरण निकाली निघते आणि मारहाण चालूच राहते.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घ्यावा. मंठा तालुक्यातील एखाद्या खेड्यातली स्त्री जालन्याला येऊन तक्रार देते. नवऱ्याला बोलावणे जाते. दोघांना समोरासमोर बसवून समजावले जाते. पुन्हा हात उचलणार नाही, असे नवरा लिहून देतो, सह्या होतात आणि स्त्री सासरी परत जाते. नोंदवहीत ‘समेट झाला, प्रकरण निकाली’ असा शेरा पडतो. तीन महिन्यांनी तिला पुन्हा मार बसला, तर ती परत जालन्याला येईलच असे नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेल्याचा राग गेल्या खेपेला तिने पुरेसा भोगलेला असतो. ती आली नाही म्हणून नोंदवहीतील यश अबाधित राहते. उद्या तिने विहीर जवळ केली, तर ती नोंद वेगळ्या वहीत ‘अकस्मात मृत्यू’ या सदराखाली होते. या दोन वह्या शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात आपल्याकडे नाही.

कौटुंबिक हिंसाचार आणि लैंगिक अत्याचार यांना तोंड देण्यासाठी शासनाने आजवर उभ्या केलेल्या योजनांचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ संख्याशास्त्राचा नाही. आपण काय मोजतो, यावर कोणाचे दुःख हिशेबात धरले जाते आणि कोणाचे वगळले जाते, हे ठरत असते.

कायदे झाले, दारे उघडली

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविल्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाबद्दलचे ‘४९८-अ’ हे कलमही दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ने घेतली आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे हा जिल्हा आणि हे कायदे जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

त्यानंतर कायद्याला जोडून सेवा आल्या. १९८४ साली टाटा समाज विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसविण्याची ही कल्पना पुढे राज्य शासनाने उचलून धरली व जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्राची उभारणी सुरू केली. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगत आलेल्या बाईची जखम खरोखर कशाची आहे, हे ओळखण्याची शिकवण परिचारिकांना आणि डॉक्टरांना तेथे देण्यात आली. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला आणि त्याने संरक्षण अधिकारी हे नवे पद निर्माण केले. बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ साली ‘पॉक्सो’ कायदा झाला. २०१३ साली राज्याने पीडितांना अर्थसाहाय्य देणारी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. २०१५ पासून केंद्र सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटरे आली. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच छपराखाली मिळावा, हा त्यांचा उद्देश. या सगळ्याच्या जोडीला १८१ हा मदतीचा दूरध्वनी आहे.

एवढी दारे उघडल्यावर त्यांतून आत गेलेल्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु अहवालांत सापडतात ते किती केंद्रे चालू आहेत, किती पदे भरली, किती प्रकरणे आली आणि किती निकाली निघाली याचे आकडे. हा यंत्रणेच्या हालचालीचा हिशेब झाला. त्या हालचालीचे फळ काय, हे त्यातून कळत नाही. रुग्णालयाने किती गोळ्या वाटल्या एवढेच सांगावे आणि रोगी बरे झाले की नाही याबद्दल मौन पाळावे, तसा हा प्रकार आहे.

वाढता आकडा : अपयश की यश?

पहिली अडचण तक्रारींच्या संख्येचा अर्थ लावण्यात येते. एखाद्या वर्षी जिल्ह्यात तक्रारी वाढल्या की ‘अत्याचार वाढले’ अशी ओरड होते आणि कमी झाल्या की अधिकारी समाधानाचा सुस्कारा सोडतात. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या असू शकतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून होणारी हिंसा सोसली होती. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. त्याच पाचव्या पाहणीत देशपातळीवर असे आढळले, की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणाजवळ शब्दही काढला नाही.

याचा अर्थ असा, की पोलीस ठाणे किंवा सखी केंद्र यांच्यापर्यंत पोचणारी स्त्री ही अपवाद असते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु त्यासाठी शीत त्याच भातातले असावे लागते. जी येऊ शकली तिच्यावरून जी येऊ शकली नाही तिचे अनुमान काढता येत नाही. त्यातच ही पाहणी नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचा आकडा राज्यापुरता देते. जिल्ह्यांच्या पत्रकांत हा रकानाच नसतो. जालन्यात किती घरांत ही आग आहे हे न मोजता, ती विझविण्याच्या योजनांच्या यशापयशाची चर्चा जिल्ह्याच्या पातळीवर चालते.

या संदर्भात २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लक्षात घेण्याजोगा आहे. पंचायत राज्यात स्त्रियांना राखीव जागा मिळाल्यानंतर भारतातील वेगवेगळ्या राज्यांत स्त्रियांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांचे काय झाले, हे लक्ष्मी अय्यर आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. नोंदींत सुमारे ४६ टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले. अत्याचार तेवढे वाढले नव्हते. तक्रार करण्याचे धैर्य आणि ती लिहून घेण्याची पोलिसांची तयारी वाढली होती, असा त्यांचा निष्कर्ष. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांचा एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. काही ठाण्यांत स्त्रियांसाठी मदतकक्ष उघडले, काहींत उघडले नाहीत. कोणत्या ठाण्यात उघडायचे हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे ठरविले गेले. ज्या ठाण्यांत कक्ष होते तेथे कौटुंबिक हिंसेच्या नोंदी आणि गुन्हे दाखल होण्याचे प्रमाण वाढले. जेथे कक्षाची सूत्रे महिला पोलिसांच्या हाती होती तेथे परिणाम अधिक ठळक दिसला.

तात्पर्य, नव्या योजनेच्या पहिल्या काही वर्षांत तक्रारी वाढणे हे बहुधा विश्वासाचे लक्षण असते. एखाद्या तालुक्यातून वर्षभरात एकही तक्रार आली नाही, तर त्या तालुक्याचे अभिनंदन करण्याऐवजी तेथे चौकशीसाठी माणूस पाठविला पाहिजे.

तडजोडीचे अर्थशास्त्र

दुसरी अडचण अधिक खोल आहे. धोरण राबविण्यासाठी एखाद्या मापाचा लक्ष्य म्हणून वापर सुरू झाला, की ते माप भरवशाचे राहत नाही, असा इशारा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनपुरवठ्याच्या संदर्भात दिला होता. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांना तो जसाच्या तसा लागू पडतो. समुपदेशकाचे काम ‘किती संसार सावरले’ यावरून जोखले जाऊ लागले, की संसार सावरल्याच्या नोंदी वाढतात. त्यासाठी समुपदेशक अप्रामाणिक असावा लागत नाही. कंत्राटी नेमणूक, तुटपुंजे मानधन, हाताशी प्रकरणांचा ढीग आणि वरून येणारा आकड्यांचा तगादा, एवढे पुरते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातील भांडणे गावातच मिटावीत हा तिचा हेतू चांगला होता आणि बांधाच्या, वाटणीच्या वादांत तिचा उपयोगही झाला. परंतु तंटे मिटविण्याला पुरस्काराची जोड मिळाली, तेव्हा बांधाचा वाद आणि बायकोला होणारी मारहाण यांतील फरक पुसला जाण्याचा धोका निर्माण झाला. बांधाच्या वादात दोन्ही पक्ष कमीअधिक सारख्या ताकदीचे असतात व दोघांनी एकेक पाऊल मागे घेतले की मार्ग निघतो. मार खाणाऱ्या स्त्रीने आणखी कोणते पाऊल मागे घ्यायचे?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. तडजोड ही गोष्ट सर्वथा वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक स्त्रियांना घटस्फोट नको असतो, नवऱ्याला तुरुंगात पाठवायचेही नसते; त्यांना मार थांबायला हवा असतो. शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, माहेरी भावाचा संसार आणि पदरात दोन मुले, अशा स्थितीत ‘त्याला सोडून दे’ हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि ऐकणारीला महाग असतो. तिचा निर्णय तिचाच राहिला पाहिजे. परंतु २००६ च्या नियमांनी समुपदेशनालाही काही अटी घातल्या आहेत, त्यांचे स्मरण ठेवायला हवे. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी प्रतिवादीकडून घेतली पाहिजे आणि आपण का मारले याचे समर्थन त्याला समुपदेशनाच्या बैठकीत करू देता कामा नये, असे त्या नियमांत म्हटले आहे. ‘तीही उलट बोलते’, ‘स्वयंपाक वेळेवर करीत नाही’ हे युक्तिवाद कायद्याने दाराबाहेर ठेवले आहेत. किती समेट झाले यापेक्षा किती समेटांत या अटी पाळल्या गेल्या आणि लिहून दिलेली हमी सहा महिन्यांनंतर टिकून होती का, हे मोजण्याजोगे आहे.

उपाय उलटूही शकतो

चांगल्या हेतूने योजलेला उपाय चांगलाच असेल, हे गृहीत धरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचा अनुभव या बाबतीत बोधप्रद ठरावा. १९८१-८२ साली तेथे किरकोळ मारहाणीच्या तक्रारींत पोलिसांनी नवऱ्याला अटक करावी, समज द्यावी की काही तासांसाठी घराबाहेर काढावे, हे चिठ्ठ्यांनी ठरविण्यात आले आणि पुढील सहा महिने लक्ष ठेवण्यात आले. अटक झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के पुरुषांकडून पुन्हा हिंसा झाल्याची नोंद पोलिसांकडे झाली; केवळ समज दिलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के आणि बाहेर पाठविलेल्यांत २४ टक्के होते. साहजिकच अनेक ठिकाणी अटक सक्तीची झाली. परंतु तोच प्रयोग इतर पाच शहरांत केला, तेव्हा निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. मिलवॉकीमध्ये तर असे आढळले, की नोकरीधंदा असलेल्या पुरुषांवर अटकेचा वचक बसतो, बेकारांच्या बाबतीत मात्र हिंसा वाढते. ज्याला गमावण्यासारखे काही असते तो धास्तावतो. ज्याला नसते तो सूड घेतो.

हे निष्कर्ष उचलून जालन्याला चिकटविणे चुकीचे होईल. पोलादाच्या कारखान्यात कायम नोकरीवर असलेला कामगार, भोकरदनचा कोरडवाहू शेतकरी आणि घनसावंगीचा ऊसतोड मजूर यांच्यावर एकाच उपायाचा सारखाच परिणाम होईल असे मानू नये, एवढाच धडा त्यातून घ्यायचा आहे. कोणता उपाय कोठे लागू पडतो हे पाहिल्याशिवाय कळत नाही आणि आपण पाहत नाही.

पाहिल्यावर काय दिसू शकते याचे उदाहरण जिल्ह्याच्या सीमेलगतच आहे. अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठण तालुक्यातील पाचोड येथे आरोग्य व्यवस्थापन संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालविले. वर्षभर, आठवड्यातील पाच दिवस, संध्याकाळी तासभर असे त्यांचे स्वरूप होते. जेथे वर्ग चालले आणि जेथे चालले नाहीत अशा दोन्ही क्षेत्रांची तुलना करण्यात आली. वर्ग चाललेल्या क्षेत्रात मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष ही गोष्ट क्षुल्लक नाही. सोळाव्या वर्षाच्या मुलीला ते एक वर्ष दहावीपलीकडे नेऊ शकते. येथे संस्थेने ‘इतक्या मुलींना प्रशिक्षण दिले’ एवढे सांगून थांबणे पसंत केले नाही. लग्ने खरोखर लांबली का, हे तिने तपासून घेतले.

लैंगिक अत्याचाराच्या विचारात या उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे. पाचव्या पाहणीनुसार जालना जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. १८ वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने ही मोठी प्रगती झाली. परंतु त्याचबरोबर गर्भवती अल्पवयीन मुलगी रुग्णालयात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळविणे बंधनकारक ठरते. ते टाळण्यासाठी घरचे लोक तिला रुग्णालयात आणण्याचेच टाळू शकतात. दाखल गुन्ह्यांची संख्या पाहून या कायद्याचे यश ठरवू म्हटले, तर ही न आलेली मुलगी कोणत्याच बाजूला जमा होत नाही. पॉक्सो कायद्याने बालकाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात पूर्ण करण्यास सांगितले आहे. जिल्ह्यातील किती खटल्यांत ही मुदत पाळली गेली, मनोधैर्य योजनेची रक्कम अर्जानंतर किती दिवसांनी मुलीच्या खात्यावर पडली आणि ती पुन्हा शाळेत गेली का, हे प्रश्न विचारले जायला हवेत.

अंतराचा खर्च

जालना जिल्ह्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार आणि दहांपैकी आठ माणसे खेड्यात राहणारी. ज्या केंद्रात सर्व सेवा एका छपराखाली मिळतात ते छप्पर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. मंठा किंवा भोकरदन येथून जालना साठेक किलोमीटर. खेड्यापासून तालुक्यापर्यंतची वाट वेगळी. एका खेपेला दिवस मोडतो, रोजगार बुडतो, मुलांना कोणाकडे तरी ठेवावे लागते आणि ‘कोठे गेली होतीस’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात स्त्रियांना मिळणारी निम्मी सवलत ही कोणाच्याही लेखी हिंसाचारविरोधी योजना नाही. परंतु तारखेला जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तिचे मोल एखाद्या परिसंवादाहून अधिक ठरेल. मोफत सेवा ही घेणाऱ्याला फुकट पडतेच असे नाही, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक सत्य आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीनंतर नवरा-बायकोचे जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडते ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या पाच-सहा महिन्यांत ती स्त्री अनोळखी मुलखात, कारखान्याच्या पालावर असते. उचल दोघांच्या नावावर फिटायची असल्याने तिला नवऱ्यापासून वेगळे होण्याची सोयही राहत नाही. २००५ च्या कायद्याने तात्पुरत्या राहण्याच्या ठिकाणीही अर्ज करण्याची मुभा दिली आहे. पण पालावर जाऊन हे तिला सांगणारा कोण? वार्षिक अहवालात हंगामाचे महिने वेगळे काढून पाहिले, तरी पुष्कळ उलगडा होईल.

हिशेब कसा ठेवावा

संरक्षण अधिकाऱ्यांच्या नेमणुका हा या व्यवस्थेचा कणा. महाराष्ट्रात प्रारंभी हे काम बहुतांशी इतर अधिकाऱ्यांकडे जादा कार्यभार म्हणून सोपविण्यात आले. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला असा आदेश द्यावा लागला, की राज्यांनी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत निश्चित करावेत. कायदा अमलात येऊन साडेअठरा वर्षे झाल्यावर ही वेळ यावी, यातच आपल्या मूल्यमापनाचे मूल्यमापन झाले आहे. दरवर्षी प्रामाणिक हिशेब मांडला गेला असता, तर ही उणीव केव्हाच डोळ्यांत भरली असती.

तो हिशेब फार गुंतागुंतीचा असण्याची गरज नाही. जिल्ह्याने दरवर्षी पाच प्रश्नांची उत्तरे जाहीर करावीत. पहिला, आलेल्या स्त्रिया कोणत्या तालुक्यांतून, किती अंतरावरून आणि हिंसा सुरू झाल्यापासून किती काळाने आल्या. दुसरा, कायद्याने सांगितलेल्या मुदती किती प्रकरणांत पाळल्या गेल्या. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे २००५ चा कायदा म्हणतो. तिसरा, मंजूर झालेल्या पोटगीपैकी किती रक्कम प्रत्यक्ष हाती पडली. चौथा, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी विचारले असता किती स्त्रियांनी मार थांबल्याचे सांगितले. पाचवा, आपल्याला जे हवे होते ते मिळाले, असे किती स्त्रियांना वाटते.

यांपैकी चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जोखमीचा. घरी पत्र किंवा माणूस पाठवून चौकशी केली, तर त्या चौकशीपायीच तिला मार बसायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अशा संशोधनासाठी नीतिनियम घालून दिले, त्यांत स्त्रीची सुरक्षितता सर्व गोष्टींच्या वर ठेवली आहे. पहिल्या भेटीतच सुरक्षित वेळ, सुरक्षित ठिकाण आणि विश्वासाची व्यक्ती तिलाच विचारून ठरवावी, नावे कोणत्याही तक्त्यात येऊ नयेत आणि ज्याने प्रकरण हाताळले त्यानेच यशाचा शेरा मारू नये, एवढे पथ्य पाळले तर हे काम अशक्य नाही.

नवी केंद्रे किंवा समुपदेशनाच्या सोयी सर्वत्र एकदम सुरू करण्याइतका पैसा शासनाकडे कधीच नसतो. कोणत्या गावांना आधी आणि कोणाला नंतर, हे आज वजन आणि वशिला यांवर ठरते. ते चिठ्ठ्या टाकून ठरविले, तर न्यायही होईल आणि ‘सोय आहे’ व ‘सोय नाही’ अशा गावांची तुलनाही आपोआप साधेल. पैशाच्या मदतीबाबतही असेच. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत स्त्रियांच्या खात्यावर दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. बांगलादेशातील एका अभ्यासात असे दिसले, की नुसती रोख मदत बंद झाल्यावर हिंसेवरील तिचा परिणाम टिकला नाही. मात्र पैशाबरोबर स्त्रियांचे नियमित गट व शिक्षण यांची जोड जेथे होती, तेथे मदत थांबल्यानंतर सहा ते दहा महिन्यांनीही शारीरिक हिंसेचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या योजनेचा घरातील हिंसेवर काय परिणाम होतो, हे पाहण्याची संधी समोर आहे. तो चांगला होतो असे गृहीत धरू नये आणि वाईट होतो अशी हाकाटीही करू नये.

यावर असा आक्षेप येईल, की आधीच पदे रिकामी, मानधने थकलेली. त्यात हा नवा कागदी घोडा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. परंतु कागद आजही भरले जातातच. प्रश्न फक्त त्यांवर काय लिहायचे एवढाच आहे. ज्या समुपदेशकाने एका स्त्रीसाठी वर्षभर धडपड केली आणि अखेर तिला वेगळी खोली व पोटगी मिळवून दिली, त्याच्या खात्यावर आजच्या पद्धतीत ‘समेट अयशस्वी’ असा शेरा पडू शकतो. ज्याने अर्ध्या तासात सह्या घेऊन तिला परत पाठविले, त्याच्या खात्यावर यश. हिशेबाची पद्धत बदलणे हे चांगले काम करणाऱ्यांच्या हिताचे आहे.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रस्त्यांच्या किलोमीटरांवर आणि बंधाऱ्यांच्या खर्चावर सदस्य हिरिरीने बोलतात. त्याच बैठकीत वर्षातून एकदा हा पाच प्रश्नांचा तक्ता ठेवला जावा, आणि नोंदवहीत ‘निकाली’ या रकान्यापुढे आणखी एक रकाना आखला जावा : पुन्हा मार बसला का? तो रकाना पहिली काही वर्षे कोराच राहील किंवा नकोशा उत्तरांनी भरेल. तरीही तो आखावा. जालन्याहून मंठ्याच्या शेवटच्या गाडीने परत गेलेल्या त्या स्त्रीचे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी त्यामुळे प्रथमच कोणाच्या तरी नावावर लागेल.